मुरलेला पिचर दुखणं लपवत नाही

प्रश्न असा आला आहे: "माझा १२ वर्षांचा मुलगा न्यू जर्सीत तीन संघांकडून बेसबॉल खेळतो. तो पिचर आहे, म्हणजे फलंदाजाला चेंडू टाकतो. निवृत्त होणाऱ्या मोठ्या खेळाडूंच्या मुलाखती तो पुन्हा पुन्हा बघतो, आणि सगळे जण संघ, चाहते आणि दुखापती या तीनच गोष्टींबद्दल बोलतात. परवा कोपर दुखत असूनही 'टीमला माझी गरज आहे' म्हणून कुणाला न सांगता तो खेळला. हे खेळाडू खरंच मनापासून बोलतात का? आणि त्यांच्याकडून मुलानं नेमकं काय घ्यावं?"

आधी ज्याची घाई आहे ते. बारा वर्षांच्या पिचरचं कोपर आतल्या बाजूनं दुखत असेल तर आजपासून फेकणं बंद करा आणि लहान मुलांच्या हाडांचे डॉक्टर गाठा. उरलेलं उत्तर त्यांची वेळ घेतल्यावर वाचलंत तरी चालेल.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. शिक्षण मुंबईत झालं आणि त्यानंतरची बरीच वर्षं अमेरिकेत खांद्या-कोपराच्या रुग्णांत गेली. त्यांत सर्वांत जास्त भरणा बेसबॉलच्या पिचर मंडळींचा: शाळकरी, कॉलेजातले, मायनर लीगमध्ये (खालच्या पायरीच्या व्यावसायिक बेसबॉलमध्ये) धडपडणारे आणि कारकिर्दीच्या शेवटाला आलेले काही अनुभवी. या शेवटच्या गटाकडून मी खूप शिकले, म्हणून तुमच्या प्रश्नाला जरा सविस्तर उत्तर देते.

मनापासून बोलतात का? हो, बोलतात. मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च व्यावसायिक बेसबॉलमध्ये, एका संघाला साधारण सहा महिन्यांत १६२ सामने खेळावे लागतात. फेब्रुवारीतल्या सरावापासून धरलं तर वर्षातले जवळपास आठ महिने जेवण, विमान, हॉटेल, विजय, पराभव हे सगळं त्याच पंचवीस-तीस माणसांबरोबर. घरच्या मुलांचे वाढदिवस फोनवर. असं पंधरा वर्षं जगलेला माणूस संघाबद्दल बोलताना गहिवरला तर ते खोटं कसं असेल? पण निरोपाच्या भाषणात संघ, चाहते आणि दुखापती एका माळेत छान ओवलेल्या असतात; खेळताना त्या एकमेकींच्या उरावर बसलेल्या असतात. संघाला आज गरज असते, चाहत्यांनी तिकीट काढलेलं असतं आणि कोपर नको म्हणत असतं. या तिघांत रोज निवाडा करावा लागतो. तो करायला शिकलेल्या खेळाडूला मी मुरलेला म्हणते. तुमच्या मुलापर्यंत भाषण पोचलं आहे, निवाडा पोचलेला नाही.

त्यानं नक्कीच डॉजर्स संघाच्या कर्क गिब्सनचा तो व्हिडिओ पाहिला असणार. १५ ऑक्टोबर १९८८, लॉस एंजेलिसचं डॉजर स्टेडियम, वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे मेजर लीगच्या अंतिम मालिकेचा, पहिला सामना. गिब्सनचे दोन्ही पाय जायबंदी. शेवटच्या इनिंगमध्ये (डावात) दोन बाद असताना तो लंगडत आला आणि डेनिस एकर्स्लीसारख्या पिचरला होम रन (सीमेपार फटका) मारून सामना जिंकून दिला. हाताची मूठ वळवून मागे खेचत, लंगडत त्यानं चारही बेस, म्हणजे धाव पूर्ण करायचे टप्पे, पार केले. बघताना आजही अंगावर काटा येतो. आता व्हिडिओत नसलेला भाग. त्या अख्ख्या मालिकेत तो पुन्हा बॅट घेऊन उभाच राहू शकला नाही. पुढच्या वर्षी १६२ पैकी तो ७१ सामने खेळला. तो निर्णय चुकला असं मी म्हणणार नाही. तो ३१ वर्षांचा प्रौढ माणूस होता, मोसमाचा शेवट होता, काय पणाला लावतोय हे त्याला आणि व्यवस्थापकाला दोघांनाही ठाऊक होतं. दुखापत कुणापासून लपवलेली नव्हती, सगळ्या स्टेडियमला माहीत होती.

डॉजर्सच्याच फ्रेडी फ्रीमनचं अगदी अलीकडचं आहे. २०२४ च्या सप्टेंबरअखेर त्याचा घोटा वाईट मुरगळला. ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्क यांकीजविरुद्ध वर्ल्ड सिरीजच्या पहिल्या सामन्यात दहाव्या इनिंगमध्ये, तिन्ही बेसवर सहकारी उभे असताना त्यानं सामना संपवणारा होम रन मारला. वर्ल्ड सिरीजच्या इतिहासातला अशा प्रकारचा तो पहिलाच. मुलांना एवढंच दिसतं. त्याआधीच्या फेरीतला शेवटचा सामना तो बाहेर बसला होता, हे कुणी सांगत नाही. घोट्याला विश्रांती हवी आहे हे संघानं आणि त्यानं मिळून ठरवलं होतं. मालिका जिंकल्यावर डिसेंबरमध्ये घोट्यावर शस्त्रक्रिया झाली. म्हणजे 'दुखत असतानाही खेळला' या गोष्टीच्या पोटात 'दुखतंय म्हणून थांबला' हीसुद्धा गोष्ट आहे.

आणि हे दोघेही फलंदाज, दोघांचीही दुखापत पायाची. पिचरच्या कोपराचं गणित वेगळं असतं. इथे मी थोडी रेंगाळणार आहे, कारण मुलाला समजावताना तुम्हाला याचाच उपयोग होईल.

आपल्याकडचे पालक बेसबॉलच्या पिचरला क्रिकेटच्या वेगवान गोलंदाजासारखं समजतात. दोघंही चेंडू जोरात टाकतात इथवर ठीक. पण गोलंदाजाला हात जवळपास सरळ ठेवून टाकावा लागतो, कोपर १५ अंशांहून जास्त सरळ झालं तर चेंडू अवैध ठरतो. त्याचा सगळा भार पुढच्या पायावर आणि कमरेच्या मणक्यांवर येतो, म्हणून वेगवान गोलंदाजांच्या पाठीत स्ट्रेस फ्रॅक्चर होतात. जसप्रीत बुमराला २०२३ मध्ये पाठीची शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली ती याच घराण्यातल्या दुखण्यामुळे. पिचर फेकतो तो वाकवलेल्या कोपरानं. पाय पुढे पडतो, कंबर वळते, छाती पुढे येते, आणि त्या क्षणी हात अजून मागेच असतो, तळवा आभाळाकडे, मनगट जवळजवळ पाठीशी. मग खांदा असा वळतो की तो वेग सेकंदभर टिकला असता तर हात वीसेक वेळा गरगर फिरला असता. मानवी शरीराच्या मोजलेल्या हालचालींतली ही सर्वांत वेगवान समजली जाते.

तो हात मागे राहिलेला क्षण कोपराच्या आतल्या बाजूला फाकवतो. तिथे दंडाच्या हाडाला हाताच्या हाडाशी बांधून ठेवणारं एक छोटंसं लिगामेंट आहे. मेजर लीगमधला एक वेगवान चेंडू टाकताना कोपरावर येणारा भार ते एकट्यानं पेलूच शकत नाही, तुटून जाईल. पेलतं ते पुढच्या हाताच्या स्नायूंच्या मदतीनं. कोपराच्या आतल्या उंचवट्यापासून बोटांकडे जाणारे ते स्नायू दर चेंडूला आवळतात आणि भार वाटून घेतात. आता विचार करा, हे स्नायू दमले तर? चेंडूचा वेग तोच, भार तोच, वाटेकरी मात्र गळाले. सगळं ओझं लिगामेंटवर. म्हणून आमच्या उपचाराच्या खोलीत दुखण्याइतकाच थकवाही गंभीर मानतात. हात दमलेला असताना नेहमी फेकत राहणाऱ्या किशोरवयीन पिचरना शस्त्रक्रियेची वेळ येण्याचा धोका ३६ पट आढळला, असा एक अभ्यास आमच्या क्षेत्रात सगळ्यांना तोंडपाठ आहे. त्याच अभ्यासात वर्षातले आठ महिन्यांहून जास्त पिचिंग करणाऱ्यांना धोका पाचपट होता.

लिगामेंट फाटलं की कारकीर्द संपली, असं १९७४ पर्यंत होतं. त्या वर्षी जुलैत डॉजर्सच्या टॉमी जॉनचं फाटलं. डॉ. फ्रँक जोब यांनी त्याच्या दुसऱ्या हातातला एक स्नायुबंध काढून, कोपराच्या हाडांत भोकं पाडून, त्यातून ओवून नवं लिगामेंट तयार केलं. यश येण्याची शक्यता डॉक्टरांनी शंभरात एक सांगितली होती. १९७५ चा अख्खा मोसम तो बसून होता, १९७६ मध्ये परतला आणि वयाच्या ४६ व्या वर्षापर्यंत खेळला. त्याच्या २८८ विजयांपैकी १६४ शस्त्रक्रियेनंतरचे आहेत. आज मेजर लीगमधल्या साधारण दर तीन पिचरपैकी एकाच्या कोपरावर ही शस्त्रक्रिया झालेली असते. जस्टिन व्हर्लँडरनं ती ३७ व्या वर्षी करून घेतली आणि २०२२ मध्ये, ३९ व्या वर्षी, १८ विजय मिळवून लीगच्या सर्वोत्तम पिचरचा पुरस्कार पटकावला. शोहेई ओहतानीच्या कोपरावर तर २०१८ मध्ये आणि पुन्हा २०२३ मध्ये शस्त्रक्रिया झाली.

या यशोगाथांनी एक वाईट काम केलं आहे. पालक माझ्याकडे येऊन विचारतात की शस्त्रक्रियेनंतर हात आधीपेक्षा जोरात चालतो ना? नाही, चालत नाही. परतल्यावर जे जोरात फेकतात ते वर्षभर पाय, कंबर आणि खांद्यावर इमानेइतबारे मेहनत घेतल्यामुळे, आणि ती मेहनत शस्त्रक्रियेशिवायही घेता येते. शस्त्रक्रियेनंतर पहिला चेंडू हातात येतो तो चार-पाच महिन्यांनी, तोही ४५ फुटांवरून, हळू. पुन्हा सामन्यात उभं राहायला बारा ते अठरा महिने. मायनर लीगमधले कितीतरी जण त्या वाटेवरून परतलेच नाहीत आणि त्यांची मुलाखत घ्यायला कुणी गेलं नाही. त्यांच्यातल्या काहींचे हात मी हाताळले आहेत. त्यांच्याबद्दल बोलताना मला अजून त्रास होतो.

आता दुखणं सांगणं आणि लपवणं यावर येते. तपासणीच्या टेबलावर तरुण आणि मुरलेला खेळाडू ओळखायला मला फार वेळ लागत नाही. मी कोपर धरून हात मागे नेते, बाहेरच्या बाजूला हलका ताण देत झटकन सरळ करते. या चाचणीत एका ठराविक टप्प्यात लिगामेंट बोलतं. तरुण मुलगा त्या टप्प्यावर श्वास रोखतो, छताकडे बघतो आणि म्हणतो, "ठीक आहे, थोडं आखडलंय." तोंडानं ठीक, पण टेबलाची कड धरलेली दुसऱ्या हाताची बोटं पांढरी पडलेली असतात. ताकाला येऊन भांडं लपवण्याचा हा प्रकार. मुरलेला पिचर न विचारता बोलायला लागतो: "काल सहाव्या इनिंगपर्यंत बरं होतं. त्यानंतर चेंडू सोडताना मधलं बोट जड वाटायला लागलं. कर्व्हला, वळणाऱ्या चेंडूला, काही नाही, फास्टबॉलला लागतं. रात्री झोपेत नाही, सकाळी ब्रश करताना." एवढं सांगितलं की माझं निम्मं काम झालेलं असतं.

हा फरक केवळ समजुतीचा नाही, पैशाचाही आहे, आणि ते बोललं पाहिजे. नावाजलेल्या खेळाडूचा करार बहुधा हमीचा असतो. तो दुखापतग्रस्तांच्या यादीत गेला तरी पगार चालू राहतो. मायनर लीगमधल्या बावीस वर्षांच्या मुलाला असली हमी नसते. तो आठवडाभर बसला तर त्याच्या जागी दुसरा उभा राहतो. शंभर वर्षं झाली तरी ड्रेसिंग रूममध्ये वॉली पिपचं नाव निघतं. २ जून १९२५ ला यांकीजनं त्याला बसवून लू गेरिग नावाच्या तरुणाला पहिल्या बेसवर उतरवलं. पिपचं डोकं दुखत होतं म्हणून तो बसला, अशी दंतकथा आहे. ती खरी असल्याचं इतिहासकार मानत नाहीत. पण एक दिवस बसलास की जागा गेली, ही धास्ती त्या गोष्टीनं पिढ्यानपिढ्या पेरली. तरुण पोरं दुखणं अंगावर काढतात त्यामागे हे सगळं असतं. त्यांना दोष देणं मला जमत नाही. पण तुमच्या बारा वर्षांच्या मुलाचा कुठला करार पणाला लागलाय?

आणि त्याच गेरिगचं पुढे काय झालं ते त्याला आवर्जून सांगा. पिपच्या जागी आलेला हा माणूस सलग २१३० सामने खेळला. बोटं मोडलेली असताना, पाठीत चमक भरलेली असताना खेळला. १९३८ च्या मोसमापासून त्याच्या हातापायांतली ताकद ओसरायला लागली. कारण अजून कुणालाच माहीत नव्हतं. व्यवस्थापक जो मॅकार्थी त्याला बसवायला धजत नव्हते. २ मे १९३९ रोजी डेट्रॉइटमध्ये गेरिग स्वतः त्यांच्याकडे गेला आणि संघाच्या भल्यासाठी मला आज उतरवू नका म्हणाला. एकही सामना न चुकवण्यासाठी जगभर ओळखला जाणारा माणूस स्वतःच्या तोंडानं हे बोलला. पुढच्या महिन्यात मज्जातंतूंच्या असाध्य आजाराचं निदान झालं. ४ जुलैला यांकी स्टेडियमवर त्यानं निरोपाचं भाषण केलं. त्यात त्यानं चाहत्यांचे, सहकाऱ्यांचे, प्रतिस्पर्धी जायंट्स संघाचे, मैदानाची निगा राखणाऱ्या माणसांचे, आईवडिलांचे आणि पत्नीचे आभार मानले. दोन वर्षांत तो गेला. त्याचा २१३० चा विक्रम १९९५ मध्ये कॅल रिपकननं मोडला आणि तो स्वतः २६३२ पर्यंत गेला. मोठाच पराक्रम. तरी तुमच्या मुलानं या दोघांपैकी एकच दिवस लक्षात ठेवायचा असेल तर मी डेट्रॉइटचा तो दिवस सांगेन.

कारण 'टीमला माझी गरज आहे' हे वाक्य अर्धवट आहे. संघाला चांगल्या हाताच्या पिचरची गरज असते. दुखऱ्या हातानं फेकणाऱ्याचे चेंडू आधी वर जायला लागतात, मग फटके बसतात, मग बुलपेनमधल्या, म्हणजे राखीव, पिचरला वेळेआधी यावं लागतं आणि उद्याच्या सामन्यात तो दमलेला असतो. हे सगळ्यात आधी कळतं कॅचरला, म्हणजे पिचरचे चेंडू झेलणाऱ्याला. अनुभवी कॅचरला चेंडू ग्लोव्हमध्ये येण्याच्या आवाजावरून समजतं की आज याच्या हातात काही नाही. उसनं अवसान आणून एखादी इनिंग निघते, पण त्याची किंमत सहकारी मोजतात.

दुखापतीतला सगळ्यांत अवघड भाग वेदनेचा नसतो, एकटेपणाचा असतो. खेळाडूंनी मला सांगितलेलं हेच. पिचरचं नाव दुखापतीच्या यादीत गेलं की किमान पंधरा दिवस, मोठी असेल तर साठ. संघ विमानात बसून पुढच्या शहरात जातो आणि तुम्ही फ्लोरिडा किंवा ॲरिझोनातल्या सराव केंद्रात, उन्हात, अजून मिसरूड न फुटलेल्या पोरांबरोबर रबरी पट्टे ओढत बसता. संध्याकाळी टीव्हीवर आपलाच संघ आपल्याशिवाय जिंकताना दिसतो. आनंद होतो आणि पोटात खड्डाही पडतो. यांकीजचा पिचर मारियानो रिव्हेरा ४२ वर्षांचा असताना, २०१२ च्या मे महिन्यात, कॅन्सस सिटीत सरावात झेल घेताना त्याच्या गुडघ्याचं लिगामेंट फाटलं. त्या वयात तिथेच थांबला असता तर कुणी नाव ठेवलं नसतं. तो परत आला, २०१३ मध्ये शेवटी येऊन संघाची आघाडी राखत ४४ सामने वाचवले आणि मग निवृत्त झाला. त्या शेवटच्या वर्षात मला सर्वांत भावलं ते दुसरंच. प्रत्येक परक्या मैदानावर तो सामन्याआधी तिथल्या पडद्यामागच्या माणसांना भेटत असे, तिकीट देणारे, स्वयंपाकघरातले, साफसफाईवाले, जुने चाहते. त्यांच्याशी बसून बोलायचा आणि त्यांचं ऐकून घ्यायचा.

चाहत्यांबद्दल थोडक्यात, कारण १२ व्या वर्षी चाहते म्हणजे आईबाबा आणि आजीआजोबाच. डोक्यावर घेणारे लोक खाली आपटायलाही वेळ लावत नाहीत, हे आपल्याला नवीन नाही. मार्च २००६ मध्ये इंग्लंडविरुद्ध वानखेडेवर, स्वतःच्या गावात, सचिन तेंडुलकर एका धावेवर बाद झाला तेव्हा काही प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली. त्याच महिन्यात लंडनला त्याच्या खांद्यावर शस्त्रक्रिया झाली. आत काय दुखतंय ते गॅलरीतून दिसत नाही. याच्या उलट उदाहरणही आहे. फिलाडेल्फियाचे प्रेक्षक अमेरिकेत तिखट तोंडासाठी प्रसिद्ध. ट्रे टर्नर ११ वर्षांचा ३० कोटी डॉलरचा करार करून तिथे आला आणि २०२३ चा अर्धा मोसम त्याची बॅट चाललीच नाही. ऑगस्टच्या सुरुवातीला लोकांनी ठरवलं की आज हुर्यो नाही. तो फलंदाजीला आला तेव्हा सगळं मैदान उभं राहून टाळ्या वाजवू लागलं. त्यानंतर त्याचा सूर असा लागला की मोसम संपेपर्यंत तो थांबला नाही, आणि त्यानं शहरात फलक लावून लोकांचे आभार मानले. टाळ्यांनी बॅट चालते असा सिद्धांत मी मांडणार नाही. पण वाईट दिवसांत मिळालेली टाळी खेळाडू आयुष्यभर विसरत नाहीत, हे मी त्यांच्या तोंडून ऐकलं आहे. घरच्या चाहत्यांनी यातून काय घ्यायचं? सामना झाल्यावर गाडीत पहिला प्रश्न "किती जणांना बाद केलंस" असा नको, हाताचा असू दे. आणि त्यानं "दुखतंय" म्हटलं तर तुमचा चेहरा पडता कामा नये. मुलं उत्तर आधी आईबापाच्या चेहऱ्यावर वाचतात.

आता मुलाचं बघू. बारा वर्षांच्या मुलाचं लिगामेंट सहसा फाटत नाही. त्याआधी हाडाची वाढ जिथून होते ती कूर्चेची पट्टी, ग्रोथ प्लेट, ताणली जाते, कारण या वयात ती लिगामेंटपेक्षा कमकुवत असते. वेळेत थांबलं तर बहुतेक मुलं पूर्ण बरी होतात. ओढत राहिलं तर हाडाचा तुकडा निसटू शकतो. लपवणारं मूल ओळखायच्या खुणा आहेत: उजवा हात असूनही पाण्याची बाटली डाव्यानं उघडणं, दप्तर त्या खांद्यावर न घेणं, सकाळी कोपर पूर्ण सरळ न होणं, फेकल्यावर मनगट झटकणं, चेंडू नेहमीपेक्षा वर जाणं.

मेजर लीग आणि अमेरिकेच्या बेसबॉल महासंघानं मिळून मुलांसाठी आखलेले नियम आहेत. ११-१२ वर्षांच्या मुलानं एका दिवसात जास्तीत जास्त ८५ चेंडू टाकावेत. ६६ किंवा जास्त टाकले तर चार दिवस विश्रांती, ५१ ते ६५ ला तीन, ३६ ते ५० ला दोन, २१ ते ३५ ला एक. वर्षातून निदान चार महिने फेकणं बंद, त्यातले दोन-तीन महिने सलग. वर्षाला ८० पेक्षा जास्त इनिंग पिचिंग नको. या वयात फास्टबॉल आणि चेंज-अप (फसवा हळू चेंडू) पुरे, कर्व्ह आणि स्लायडर (दोन्ही वळणारे चेंडू) नको. पिचिंग नसेल तेव्हा कॅचर म्हणून उभं करू नका, कॅचरही शंभरदा चेंडू परत फेकतो. आणि एका वेळी अनेक संघांकडून खेळू नये, असंही त्यात स्पष्ट लिहिलं आहे. तीन संघांची खरी अडचण इथेच आहे. प्रत्येक कोच आपल्या वहीत प्रामाणिकपणे मोजतो, पण तीन वह्यांची बेरीज कुणीच करत नाही. शनिवारी एकाकडे ५०, रविवारी दुसऱ्याकडे ४०, दोघांच्याही लेखी मुलगा नियमात बसतो. ती बेरीज तुम्हालाच करावी लागेल, आणि एक संघ ठेवून बाकीचे दोन सोडायला लागले तर सोडा. हिवाळ्यात त्याला बास्केटबॉल, पोहणं, जे आवडेल ते खेळू दे. एकाच खेळाला वर्षभर जुंपलेल्या मुलांपेक्षा ती मुलं मला दवाखान्यात कमी भेटतात.

डॉक्टरांनी एक्स-रे काढून विश्रांती सांगितली तर ती पूर्ण घ्या. दुखणं थांबलं म्हणजे हाड भरलं असं होत नाही. परत सुरुवात ४५ फुटांवरून, हलक्या हातानं, एक दिवसाआड. दुसऱ्या दिवशी सकाळी दुखलं तर एक पायरी मागे, ४८ तास थांबून पुन्हा तीच पायरी. माउंडवर, म्हणजे पिचरच्या उंचवट्यावर, उभं राहणं सगळ्यांत शेवटी.

या काळात त्याला घरी बसवून ठेवू नका. गणवेश घालून सामन्याला न्या, डगआउटमध्ये (मैदानालगतच्या संघाच्या बाकावर) बसू द्या. कोचना सांगा की चेंडू मोजायचं काम याच्याकडे द्या. बहुतेक संघांकडे अंगठ्यानं दाबायचं मोजणीयंत्र असतं. साठावा चेंडू पडला की कोचला जाऊन सांगणं ही त्याची जबाबदारी. आणि माउंडवरचा त्याचा मित्र हात झटकताना दिसला, तर तेही.